एक इंच वर, एक इंच खाली

सोमवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी नव्या कॉम्पॅक्ट सेडानच्या मागच्या सीटवर बसलेल्या एकाहत्तर वर्षांच्या बाईंनी उठण्याचा पहिला प्रयत्न केला. तो फसला. दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी दाराच्या वरचे हँडल धरले. हँडल त्यांच्या हातात आले. त्यांनी ते पर्समध्ये टाकले, पर्सची कडी लावली आणि हसतमुखाने समोर पाहिले.

हँडल निघाले यात हँडलचा दोष नव्हता. ते फोमचे होते, वरून रंगवलेले, दुहेरी चिकटपट्टीने लावलेले आणि नमुन्यात एवढे एकच. गाडीच मुळात खरी नव्हती. ती रस्त्यावर यायला अजून दोन वर्षे होती. कंपनीच्या डिझाइन स्टुडिओत तिचा पूर्ण आकाराचा नमुना उभा होता. बाहेरून माती, मातीवर चंदेरी फिल्म, आत लाकडी सांगाडा, आणि त्या सांगाड्यात दोन गोष्टी मात्र खऱ्या: सीटा आणि त्यांवरचे कापड. दारे उघडत, काचा नव्हत्या. मातीला बोट लावायची कुणाला परवानगी नव्हती, कारण बोट लावले की बोट उमटे. थोडक्यात, त्या गाडीत धरून उठावे असे काहीही नव्हते.

या बाई स्टुडिओतल्या दोन माणसांच्या घरच्या होत्या. गाडीचे बाहेरचे रूप ठरवणाऱ्या विभागाचा प्रमुख हा त्यांचा मुलगा. आतली रचना ठरवणाऱ्या विभागाची प्रमुख ही त्यांची सून. खोलीत तेव्हा चौदा माणसे होती. बाईंखेरीज त्यांतल्या तिघांनाच हे नाते माहीत होते: मुलाला, सुनेला आणि मातीकाम करणाऱ्या मिस्त्रींना.

प्रकरण सुरू झाले ते शुक्रवारी, एका इंचावरून.

मुलाला गाडीचा टप मागे हळूहळू उतरत डिकीत विरून जायला हवा होता. सुनेला मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर एक इंच जागा हवी होती. आराखड्यात या दोन गोष्टी एका वेळी मावत नव्हत्या.

"माणसाला मान असते," सून म्हणाली होती. "तुझ्या चित्रात ती दिसत नाही."

"एवढ्या सुंदर गाडीत बसायला मिळालं तर माणूस मान थोडी वाकवेल की."

"मग सीट खाली घेऊ? बसवते सगळ्यांना जमिनीवर."

"घे ना. एक इंचानं कुणाचं काय अडतं?"

कुणाचे काय अडते, हे सुनेला नेमके ठाऊक होते. मागच्या सीटची उंची तिने कुठल्या तक्त्यावरून घेतली नव्हती. गेले चार महिने तिच्या लक्षात येत होते, की सासूबाई सोफ्यावरून उठतात त्या खोलीत कुणी नसताना. कुणी असले की "मी बरी आहे इथे" म्हणून बसून राहतात. स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून मात्र कुणासमोरही ताडकन उठतात. सुनेने एका दुपारी गुपचूप स्टूल मोजले आणि तेवढीच उंची गाडीच्या सीटला दिली. हे तिने नवऱ्याला सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने सीटचा विचार बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला असता. आणि सासूबाई ऑपरेशनच्या नावाने कशा बिथरतात, हे तिने त्यांच्या धाकट्या बहिणीच्या वेळी पाहिले होते.

भांडण स्टुडिओतच राहिले, कारण घरात त्याला बंदी होती. सहा वर्षांपूर्वी या दोघांनी जेवताना वाद घालत टेबलक्लॉथवर बंपर काढला होता. तेव्हापासून सासूबाईंनी नियम घातला: घरात गाडी नाही. जो गाडीचा विषय काढेल त्याने रात्रीची सगळी भांडी घासायची. नियम कडक होता आणि चांगला चालला होता. त्यामुळे घरात शांतता होती. पुढचा सगळा घोटाळाही त्याच शांततेत झाला.

शुक्रवारी रात्री मुलगा नीट जेवला नाही. त्याच्या हाताखाली बाहेर पडणारी ही पहिलीच गाडी होती. सुनेने त्याच्या ताटाकडे पाहिले, विषय काढता येईना, म्हणून शनिवारी सकाळी "जरा बाहेर जाऊन येते" एवढेच सांगून ती स्टुडिओत गेली आणि मिस्त्रींना म्हणाली, "मागची सीट एक इंच खाली घ्या." एका इंचाने सासूबाईंचे काही अडणार नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

शनिवारी संध्याकाळी मुलगा आईला जुन्या गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. आत बसताना तिचे डोके टपाला आपटले. "लागलं का?" "छे, कुठं काय." घरी येईपर्यंत ती डोके चोळत होती. रविवारी दुपारी तोही "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणाला, स्टुडिओत गेला आणि मिस्त्रींना म्हणाला, "टप एक इंच वर घ्या."

मिस्त्री एकतीस वर्षे मातीकाम करत होते. त्यांनी शनिवारी सीटखालचे पॅकिंग काढले, रविवारी तेच पॅकिंग टपाखालच्या खांबांना लावले, वरून माती चढवली, घासली, फिल्म ताणली. सोमवारी सकाळी नमुना तयार होता.

सोमवारी दहा वाजून वीस मिनिटांनी सुनेचा फोन वाजला. पाहणीच्या वेळी एखाद्या वयस्क माणसाने गाडीत बसून उतरून दाखवायचे, अशी या कंपनीची पद्धत होती. त्यासाठी एका एजन्सीकडून आजोबा ठरवले होते. एजन्सीने कळवले, की आजोबा येऊ शकत नाहीत; शुक्रवारी दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीतून उतरताना त्यांच्या कमरेत उसण भरली.

सुनेने घरी फोन लावला.

"आई, लगेच टॅक्सी करून इकडे या."

"काय झालं? पडला का तो?"

"कुणी नाही पडलं. तुम्हाला एका गाडीत बसायचंय. बसायचं आणि उतरायचं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि ओळख दाखवायची नाही. घरचं माणूस आणलं असं म्हणतील."

"त्याला सांगितलंस?"

"तो मोठ्या साहेबांना आणायला गेटवर गेलाय. वेळ नाही, आई."

सासूबाईंनी ठेवणीतली शाल आणि पर्स काढली आणि दहा पन्नासला त्या स्टुडिओत हजर झाल्या. मुलगा तेवढ्यात दिव्यांची दिशा बघायला आत आला आणि त्याच्या तोंडून "आ—" एवढेच निघाले.

"नमस्कार साहेब," सासूबाई म्हणाल्या. "आपण इथंच कामाला का?"

"हो. म्हणजे, अकरा वर्षं झाली."

"अरे वा. घरच्यांना भेटता का कधी?"

मुलाने बायकोकडे पाहिले. ती डॅशबोर्ड पुसत होती. तो दोनदा पुसून झालेला होता.

बरोबर अकरा वाजता मोठे साहेब आले. ते कंपनीचे सर्वेसर्वा. वय सदुसष्ट, बोलणे मोजके, आणि डोक्यावर पांढऱ्या केसांचा चार बोटे उंच फुगा. हा फुगा ते स्वतः जपत. कोणत्याही सेडानमध्ये मागे बसून उतरल्यावर तो एका बाजूला चपटा झालेला असे आणि त्यानंतर अर्धा तास साहेबांना कुणी प्रश्न विचारत नसे. साहेबांच्या केसांची उंची आराखड्यात कुठेही नोंदलेली नव्हती, पण ती माहीत नसलेला एकही माणूस त्या इमारतीत नव्हता.

साहेबांबरोबर त्यांची सचिव होती. ती हातातल्या टॅबवर टिपणे घ्यायची. या कंपनीत साहेब जे बोलत त्यापेक्षा सचिव जे लिही त्याला महत्त्व होते. तिने टाइप केलेले वाक्य बोट उचलताच अकरा विभागांना जाई, आणि एखाद्या वाक्यापुढे "कायम" हा शब्द आला, की साचे बनवणारे त्याच दुपारी पोलाद कापायला घेत. मागे एका गाडीत सिगारेटची राखदाणी सहा वर्षे राहिली. ती कुणालाच नको होती, पण तिच्यापुढे "कायम" लिहिलेले होते.

मोठ्या साहेबांनी नमुन्याभोवती पहिली फेरी मारली. हेडलाइटपासून निघून एका दमात मागच्या दिव्यापर्यंत जाणारी रेघ त्यांनी चालत चालत पाहिली. दुसऱ्या फेरीत ते मागच्या दाराशी थांबले.

"टप," ते म्हणाले.

चौदा माणसांनी टपाकडे पाहिले.

"उंच वाटतो."

"एक इंच वर घेतलाय, सर," मुलगा म्हणाला. हे वाक्य त्याने आंघोळ करताना पाठ केले होते. "मागे बसणाऱ्याच्या मानेसाठी."

सुनेच्या हातातले फडके थांबले. ती चार पावले सरकून नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि समोर बघत, ओठ न हलवता बोलली.

"तू टप वर घेतलास?"

"हो. तुझ्यासाठी. आज सांगणार होतो."

"मी सीट खाली घेतली."

"कशाला?"

"तुझ्यासाठी."

लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि इतके गोड संभाषण त्यांच्यात बऱ्याच दिवसांत झाले नव्हते. पण त्याचा आस्वाद घ्यायला वेळ नव्हता. सुनेने मान वळवून मिस्त्रींना गाठले.

"मिस्त्री, तुम्हाला दोन्ही माहीत होतं. बोलला का नाहीत?"

"मॅडम, नवरा-बायकोच्या मधे पडायचं नाही, असा आमच्याकडं नियम आहे. आमचे मामा पडले होते एकदा. पुढं ते दोघं एक झाले आणि मामा एकटे राहिले."

तोवर पलीकडे सचिवेने मागचे दार उघडले होते.

"चला आजी, बसा बघू आत."

"आजी कुणाची गं मी?" असे म्हणत सासूबाई पाठमोऱ्या होऊन बसायला गेल्या. जिथे सीट लागेल असे त्यांच्या गुडघ्यांना वाटले होते तिथे ती लागली नाही. त्या आणखी खाली गेल्या. त्या बसल्या असे म्हणण्यापेक्षा पोचल्या असे म्हणणे जास्त बरोबर. मग अकरा वाजून बारा मिनिटांचा तो प्रयत्न झाला, हँडल निघाले आणि पर्समध्ये गेले.

"छान," सचिव म्हणाली. "आता उतरा."

"इतक्यात? आत्ता तर बसले."

"उतरताना कसं वाटतं ते लिहायचंय मला."

"मग लिही ना, मला इथंच बरं वाटतंय."

मोठ्या साहेबांच्या भुवया वर गेल्या. या धंद्यात त्यांची चौतीस वर्षे गेली होती. दाराच्या कडेला डोके आपटलेली, पदर अडकलेली, बूट अडकलेली अनेक गिऱ्हाइके त्यांनी पाहिली होती. गाडीतून उतरायचेच नाही म्हणणारे गिऱ्हाईक हे पहिले. तिसरी फेरी अर्धी सोडून ते पलीकडच्या दाराने आत शिरले आणि सासूबाईंच्या शेजारी बसले.

बसताना सवयीने त्यांनी मान आखडून घेतली. मग ती हळूहळू सरळ केली. आणखी सरळ केली. केसांना काहीही लागले नाही. टप एक इंच वर गेलेला, सीट एक इंच खाली गेलेली. फुग्याच्या वर हवा खेळत होती. साहेबांच्या चेहऱ्यावर जे आले ते स्टुडिओतल्या कुणीही आजवर पाहिले नव्हते, त्यामुळे ते समाधान आहे हे ओळखायला थोडा वेळ लागला.

"लिहा," ते म्हणाले. "टप आहे तिथं कायम. सीट आहे तिथं कायम."

सचिवेने बोट उचलले.

"आणि इथं आराखड्यात एक हँडल होतं ना?"

सुनेने तोंड उघडले. सासूबाईंनी पर्स घट्ट धरली.

"काढून टाकलंत ते फार बरं केलंत. कसं मोकळं वाटतंय. लिहा, हँडल रद्द. कायम."

एवढे झाल्यावर मोठ्या साहेबांनी उजवा पाय बाहेर टाकला, पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला आणि जोर लावला. काही घडले नाही. त्यांनी सीटच्या पाठीवर हात फिरवला.

"कापड चांगलं आहे," ते म्हणाले आणि पाय आत घेतला. "मला वाटतं, सादरीकरण इथूनच ऐकावं."

मग जे सादरीकरण झाले तसे त्या स्टुडिओत पूर्वी झाले नव्हते. मोठे साहेब आणि सासूबाई आत बसून होते. बाकीचे बारा जण खिडक्यांपाशी वाकून उभे होते. डॅशबोर्डपर्यंत ठीक चालले. सुनेने खोबणी दाखवल्या, बाटली ठेवायची जागा दाखवली, उन्हात न चमकणारा रंग समजावला. मग मुलाची पाळी आली.

"आता बाहेरची मुख्य रेघ, सर. ती पुढच्या दिव्यापासून—"

"इथून दिसत नाही."

"आपण जरा बाहेर आलात तर—"

"नको. कल्पना करतो. तुम्ही सांगा."

मुलाने रेघ हवेत हाताने काढून दाखवली. साहेबांनी डोळे मिटून ती पाहिली आणि मान डोलावली. मग डिकी झाली, मागचे दिवे झाले, चाकांच्या कमानी झाल्या. सगळे त्यांनी डोळे मिटून मंजूर केले. मध्ये दोनदा ते पुढच्या सीटला हात लावून "कापड चांगलं आहे" म्हणाले. कापडवाल्या विभागाचा माणूस दोन्ही वेळा लाजला.

अकरा पंचेचाळीसला चहा आला. तो खिडकीतून आत देण्यात आला.

विक्री विभागाचा प्रमुख आतापर्यंत मागे उभा होता. तो आता पुढे आला. "सर, मला जाहिरात सुचलीय. 'उतरावंसंच वाटणार नाही.'"

"लिहा," मोठे साहेब थकल्या आवाजात म्हणाले.

यानंतरचा संवाद चहाचे कप गोळा करण्यासाठी पलीकडच्या दाराशी उभ्या असलेल्या मिस्त्रींनी ऐकला. त्याला दुसरा साक्षीदार नाही. बाकीचे जाहिरातीतल्या गाडीचा रंग कोणता असावा यावर वाद घालत होते.

"उजवा की डावा?" सासूबाईंनी हळूच विचारले.

"काय?"

"गुडघा."

मोठ्या साहेबांनी चहाचा घोट घेतला. "दोन्ही."

"माझा उजवा. डाव्याला अजून बातमी नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कापड एकदा चांगलं असतं. तीनदा नसतं. मी घरी पेपर वाचते. वाचून झाला तरी वाचते. खोली रिकामी झाली की उठते."

साहेबांनी कप खाली ठेवला. "घरी माहीत आहे?"

"सुनेला संशय आहे. ती बोलत नाही, शहाणी आहे. मुलाला कळलं तर उद्या सकाळी ऑपरेशनची तारीख घेऊन येईल. माझ्या बहिणीचं झालं. ती आता काठी घेऊन चालते आणि सगळ्यांना सांगते, किती छान झालं. तुमचं काय?"

"गुरुवारी संचालकांची बैठक आहे. दोघं जण माझ्या खुर्चीकडे डोळे लावून बसलेत. मला चौघांनी धरून गाडीतून काढलं, हे आज बाहेर गेलं, तर गुरुवारी कायमचंच उठवतील."

"मग आता?"

"धरायला काही नाही हो इथं. त्या हँडलचा तरी उपयोग झाला असता."

"ते माझ्या पर्समध्ये आहे."

साहेबांनी पर्सकडे पाहिले. "ते मी आत्ताच रद्द केलं," ते म्हणाले.

साडेबारा झाले. वाकून उभे राहिलेल्यांच्या कमरा दुखू लागल्या, तसे एकेक जण जमिनीवर बसले. पाहणी इतकी लांबली म्हणजे गाडी साहेबांना फारच आवडली, असे सर्वांचे मत पडले. विक्री प्रमुखाने घरी फोन करून बढतीची शक्यता कळवली. फक्त मुलगा आणि सून उभे होते. तिला खिडकीतून सासूबाईंचा हात दिसत होता. तो गुडघ्यावर होता आणि गुडघा हळूहळू चोळत होता.

"बोलू का मी?" सून नवऱ्याला म्हणाली.

"काय बोलणार? सीट कायम झालीय."

"कायम झालीय म्हणूनच."

तिने बोलायची वेळ आली नाही. एकला दहा मिनिटे असताना मोठ्या साहेबांनी पुन्हा एकदा सीटच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते कापडाबद्दल काही बोलायच्या आत सासूबाईंनी पर्स मांडीवरून बाजूला ठेवली आणि खिडकीतून मुलाला हाक मारली.

"अहो साहेब."

"काय?"

"माझे गुडघे गेलेत. मला उठता येत नाही इथून. सीट फार खाली आहे तुमची."

मुलगा पुढे झाला आणि ठरलेले सगळे विसरला.

"आई, कधीपासून?"

सचिवेची बोटे थांबली. "आई असं लिहू का?"

मोठ्या साहेबांनी सासूबाईंकडे वळून पाहिले. "ताई, हे तुमचे कोण?"

"ओळख दाखवायची नाही असं सांगितलंय मला."

"सर, माझ्या सासूबाई आहेत," सून म्हणाली. "आजोबा आले नाहीत म्हणून मी बोलावलं. आणि सीट मी खाली घेतलीय. आधी ती एक इंच वर होती. यांच्याच गुडघ्यांवरून मोजली होती." शेवटचे वाक्य तिने नवऱ्याकडे बघून म्हटले.

"कशावरून मोजली?" सासूबाईंनी विचारले.

"स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून."

"तरीच त्या दिवशी स्टुलाखाली टेप सापडली."

मोठे साहेब कुणाला बोल लावतील याची सगळे वाट पाहत होते. त्यांनी रुमालाने कपाळ टिपले. "मिस्त्री, सीट होती तिथं वर घ्या."

"बसल्या माणसांसकट?"

"ताईंना उठता येत नाही असं त्या म्हणाल्या ना? मग माणसांसकटच. मी बसतो त्यांच्यासोबत. अशा वेळी त्यांना एकटं सोडून उतरणं बरं दिसत नाही."

साहेबांच्या या सौजन्याबद्दल नंतर दोन दिवस इमारतीत चांगले बोलले गेले.

मिस्त्रींनी साहेबांच्याच खऱ्या गाडीच्या डिकीतून जॅक आणला आणि सीटखाली लावला. दांडा फिरू लागला तशी सीट कुरकुरत वर सरकू लागली, आणि त्या दोन व्यक्ती समोर बघत, न हलता, देवघरातल्या मूर्तींसारख्या वर वर येऊ लागल्या. एक इंच भरल्यावर मिस्त्रींनी खाली लाकूड सरकवले. सासूबाईंनी दोन्ही पाय बाहेर टेकले, कुणाकडेही न बघता क्षणभर थांबल्या आणि उठल्या. मुलाने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. त्यात शाल दिली.

"आधी ताई," असे म्हणून थांबलेले मोठे साहेब त्यांच्या पाठोपाठ बाहेर आले. उठताना केसांचा टपाला निसटता स्पर्श झाला. कुणी पाहिले नाही, म्हणजे सर्वांनी पाहिले.

दुपारी दीडच्या सुमाराला हाती आलेली माहिती अशी. टिपणे अकरा विभागांत पोचलेली होती. साचेवाल्यांनी फोन करून "कायम म्हणजे कायम ना?" असे विचारले. एकदा कायम झालेली गोष्ट बदलायची तर संचालकांच्या बैठकीत मांडावी लागते. गुरुवारी मोठे साहेब सीटचा आणि हँडलचा विषय स्वतः मांडणार आहेत. बसून की उभे राहून, ते कळलेले नाही. जाहिरातीच्या ओळीचे काय करायचे, हेही ठरलेले नाही.

संध्याकाळी साडेसातला तिघे घरी जेवायला बसले. सासूबाईंच्या नेहमीच्या खुर्चीच्या जागी स्टूल होते.

"हे कशाला इथं?"

"खुर्चीचा पाय डुगडुगतोय," सून म्हणाली.

"चार महिने डुगडुगत होता, तेव्हा नाही काढलीस."

सून ताटात बघून जेवत राहिली. सासूबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तिच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

हात धुऊन आल्यावर मुलगा टेबलाशी उभा राहिला.

"आई, उद्या साडेनऊची वेळ घेतलीय डॉक्टरांची."

"घरात गाडी नाही."

"मी गाडीचं बोलत नाहीये. गुडघ्याचं बोलतोय."

"गुडघ्याचं तुला कुठं कळलं?"

मुलगा थांबला. "गाडीत."

"मग गाडीचंच झालं ते. उचल भांडी."

त्याने दाद मागण्यासाठी बायकोकडे पाहिले. तिने थोडा विचार केला. "नियम आहे," ती म्हणाली. "पण आई, साडेनऊला मी येईन सोबत. फक्त दाखवून येऊ. ते काय म्हणतात ते ऐकायचं आणि परत यायचं."

"बसायचं आणि उतरायचं, असंही तू सकाळी म्हणाली होतीस."

आठ वाजून पाच मिनिटांनी शेवटचे भांडे विसळून झाले. मुलगा हात पुसत बाहेर आला तेव्हा सासूबाई अजून तिथेच, स्टुलावर बसलेल्या होत्या. तिथून त्यांना उठता येत होते. त्या उठल्या नव्हत्या. उद्या येणार का, असे दोघांनी पुन्हा विचारल्यावर त्यांनी सांगितले, की आपण सध्या पेपर वाचत आहोत.

पेपर त्या चष्म्याशिवाय वाचत होत्या. चष्मा पर्समध्ये होता, हँडलच्या खाली.